आशेचे बारा शनिवार

मला डिप्रेशन आहे हे स्वतःशी कबूल करायला मला तीन वर्षं लागली आणि घरच्यांना ते पटायला आणखी चार. त्या सगळ्या काळात मी सावली तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथीचा वर्ग शिकवत होते, दोन वेळचा स्वयंपाक करत होते, नात्यातल्या लग्नांना नवी साडी नेसून जात होते. लोकांना वाटायचं, बाई जरा घुमी आहे. लग्नाआधी विहारातल्या कार्यक्रमात माझ्या हातातून माईक काढून घ्यावा लागायचा, हे इथं कोणाला माहीत असणार?

मला सगळ्यात जास्त चीड यायची ती एका प्रश्नाची. "कारण काय?" नवरा पोस्टात नोकरीला, दारूला शिवत नाही, आवाज चढवत नाही. मुलगी नागपुरात नर्सिंग शिकते. सासूबाई शिस्तीच्या, पण मायाळू. "मंग तुले झालं तरी काय?" असं बहीण विचारायची, जाऊ विचारायची, शाळेतल्या बाया विचारायच्या. आमच्या भागात मलेरिया घरोघरी होतो. मलेरिया झालेल्या बाईला कोणी विचारत नाही की तुझा नवरा चांगला आहे का. मला मात्र आजारी पडायला कारण दाखवावं लागत होतं, आणि माझ्याकडे ते नव्हतं. मग मी कधी आईच्या मरणाचं नाव सांगायची, कधी बदलीचं. समोरच्या माणसाचं समाधान व्हायचं आणि मला खोटं बोलल्यासारखं वाटायचं.

एकदा वर्गात फळ्यावर भागाकार लिहिता लिहिता माझा हात थांबला. दुखत नव्हता, पण पुढचा आकडा लिहायला उठेना. मी खडू धरून तशीच उभी. पोरांना वाटलं, मॅडम विचार करून राह्यल्या. शेवटी पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, तीननं भाग जाते." मी तिचं ऐकून तीन लिहिलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

उपाय सगळ्यांकडे होते. शेजारच्या काकूंनी एका महाराजांचा धागा आणला. सासूबाईंनी तो दारातूनच परत पाठवला. "आपल्या घरात असलं चालत नाई," म्हणाल्या. त्यांचा उपाय वेगळा होता. रोज सकाळी वंदना मन लावून कर, आणि सुट्टीत दहा दिवसांच्या ध्यान शिबिराला जा. मी गेले. चार दिवस नुसती रडले आणि पाचव्या दिवशी घरी आले. सासूबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुझं मनच लागत नाई वं." म्हणजे दोष पुन्हा माझ्याच मनाचा, आणि औषध म्हणून लावायचं तेही तेच मन! मोडलेल्या पायाच्या माणसाला दवाखान्यात चालत ये म्हणण्यासारखं होतं ते.

चंद्रपूरच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी निम्मं काम झालं. रडणं थांबलं. पण अंगावर ओलं पोतं घेऊन फिरल्यासारखं जे वाटायचं, ते तसंच राहिलं. आठव्या वर्षी डॉक्टर म्हणाले, "गडचिरोलीला एक संस्था गट चालवणार आहे. फक्त बायकांसाठी. खूप वर्षं डिप्रेशन असलेल्या. अध्यात्म आणि आशा, दोन्हींवर आधारलेली थेरपी आहे. गोळ्या चालूच ठेवायच्या. बारा शनिवार. जाऊन पाहा."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "जाऊन पाह्य नं. काय बिघडते?"

होळी होऊन आठवडा झाला होता. शनिवारी सकाळची शाळा आटोपली की मी सावलीहून बस धरायची. व्याहाड, मग वैनगंगेचा पूल, मग गडचिरोली. दुपारी दोनला त्या संस्थेच्या हॉलमध्ये आम्ही आठ बायका प्लास्टिकच्या खुर्च्यांवर गोलात बसायचो. कोपऱ्यात एक मोठा कूलर होता. चालू ठेवला की कोणाचं बोलणं ऐकू येत नसे आणि बंद केला की जीव कासावीस व्हायचा. पहिल्या शनिवारचा अर्धा तास तो चालू ठेवायचा की बंद, यातच गेला.

आमची समुपदेशक सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी होती. पुण्याकडून आलेली, सुती कुर्ता, मांडीवर जाड फाइल. तिनं छान समजावून सांगितलं. पहिला तास प्रार्थना, कृतज्ञता, क्षमा. दुसरा तास आशेचा. म्हणजे एक ध्येय ठरवायचं, तिथं पोचायच्या वाटा शोधायच्या आणि चालायला बळ गोळा करायचं. ऐकताना मला खरंच बरं वाटलं. मग ती म्हणाली, "आता सगळ्यांनी डोळे मिटा. आपापल्या देवाला नजरेसमोर आणा. तो तुमच्याकडे प्रेमानं बघतोय."

मी डोळे मिटले. थोडा वेळ वाट पाहिली. मग उघडले. "मॅडम, आमच्या घरी देव नाई. आम्ही बौद्ध आहोत."

ती गोंधळली. फाइल चाळली. "हो, हो. सॉरी ताई. मग तुम्ही… तुम्ही प्रकाश आणा नजरेसमोर."

"कोणता प्रकाश?"

"कुठलाही. पिवळा."

समोरच्या खुर्चीवरून कोणीतरी फस्सकन हसलं. पन्नाशी ओलांडलेली बाई होती, हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. तिनं पटकन पदर तोंडाला लावला. मी पुन्हा डोळे मिटले आणि शाळेच्या व्हरांड्यातला दिवा आठवला. त्याला किडे चिकटले होते.

परत जाताना बसस्टँडवर तीच बाई माझ्या शेजारी येऊन बसली. "मॅडमबाई, राग नको मानू. मले सहा वर्सांत असं हसू नाई आलं." तिला आरमोरीची गाडी धरायची होती. आरमोरीजवळच्या एका खेड्यात तिची धानाची शेती होती. गावच्या भजनी मंडळात ती पुढे उभी राहून गायची. सहा वर्षांपासून ते बंद होतं. कोणी मेल्यागत घरात वावरते, असं तिचा मुलगा म्हणायचा आणि त्यानंच तिला इथं आणून घातलं होतं.

"तुमचा तर देवावर विश्वास आहे, मावशी," मी म्हटलं. "तुम्हाला सोपं जात असेल."

"काय सोपं? सहा वर्सं हात जोडून राह्यली. त्याले ऐकू नाई येत का मले मागता नाई येत, कोन जाने."

तिला नेमकं काय झालं होतं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तिसऱ्या शनिवारी ध्येयाची वही मिळाली. पानावर वर ध्येय लिहायचं, खाली तीन वाटा, त्याखाली अडचणी. मी खूप विचार करून लिहिलं, "रोज केस विंचरणे." हसण्यासारखं वाटेल, पण त्या काळात मी तीन-तीन दिवस तसाच अंबाडा गुंडाळून शाळेत जायची.

समुपदेशक वाकून वाचत म्हणाली, "ताई, थोडं मोठं ध्येय घ्या ना. आयुष्याला अर्थ देणारं काहीतरी. तुम्ही शिक्षिका आहात!"

मी ते खोडलं आणि "शाळेत वाचनालय सुरू करणे" असं लिहिलं. तिला आनंद झाला. बसमध्ये बसल्यावर मला इतका राग आला की पूल कधी गेला ते कळलं नाही. आठ वर्षांत पहिल्यांदा मी खरं काय हवंय ते कागदावर लिहिलं होतं आणि माझ्याच हातानं खोडलं होतं. तिचा हेतू चांगला होता. माझ्याभोवतीच्या सगळ्यांचाच हेतू चांगला होता, त्यामुळे भांडायलाही कोणी नव्हतं.

पाचवा शनिवार क्षमेचा होता. ज्यानं आपल्याला दुखावलं त्याला माफीचं पत्र लिहायचं. पाठवायचं नाही, फक्त लिहायचं. मावशीला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिचं पत्र मी लिहायचं ठरलं. मी वही मांडीवर घेतली. "बोला मावशी, कोणाला लिहायचं?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "वाघाले."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी उठून कूलर बंद केला.

"माझी जाऊ नेली त्यानं," ती म्हणाली. "मोहफुलं वेचाले गेलो होतो दोघी. आमच्या धानाच्या शेवटच्या बांधीपासून झाड दिसते, इतकं जवळ. मी खाली वाकून होती. ती बोलता बोलता थांबली. मी म्हटलं, काऊन थांबली वं? पाह्यलं त ती नव्हती. फक्त तिची टोपली होती."

ती सावकाश सांगत होती. ओरडत गावापर्यंत कशी धावली, माणसं गोळा झाली, जाऊ कुठं सापडली. दिरानं तिला कधी एका शब्दानं दोष दिला नाही. पण त्या दिवसापासून तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. "आमी दोघी एकाच वर्षी त्या घरात आलो होतो लगीन करून," ती म्हणाली. "बहीनबी एवढी जवळ नसते."

समुपदेशकाचा चेहरा उतरला होता. तिनं फाइलमध्ये पाहिलं. मला तेव्हा तिचा संताप आला, आता कीव येते. त्या फाइलमध्ये वाघ कुठून असणार? ती चाचरत म्हणाली, "मावशी, वाघ तर प्राणी आहे. त्याला कळत नाही. आपण… आपण त्या घटनेला क्षमा करू या."

"घटना म्हंजे कोन?" मावशीनं विचारलं. तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं.

त्या दिवशी पत्र लिहिलं गेलं नाही. सत्र संपताना नेहमीसारखा कागद फिरला. "आज तुमची आशा दहापैकी किती?" मावशीनं विचारून विचारून पाचाला खूण करून घेतली. माझी पाळी आली आणि मी पेन खाली ठेवलं.

"मॅडम, हे काय आहे? आत्ता या बाईनं काय सांगितलं ते ऐकलं नं तुम्ही? आणि लगेच दहापैकी किती? आशा काय ताप आहे का, थर्मामीटर लावून पाहायला? मला आशा शिकवू नका. मला सकाळी उठावंसं वाटायला पाहिजे. त्याचं काही असेल तर सांगा."

ती म्हणाली, "ताई, मला हे भरूनच द्यावं लागतं." तिचे डोळे भरले होते. मी पर्स उचलली आणि निघाले.

पुढचे दोन शनिवार मी गेले नाही. नवरा म्हणाला, "अर्धवट काऊन सोडते?" सासूबाईंना मनातून बरं वाटलं असावं. त्यांचा "अध्यात्म" या शब्दावरच राग होता. त्या म्हणाल्या, "आपल्याला आपली वंदना पुरे आहे." मी कोणाशी वाद घातला नाही. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. मी पंख्याखाली पडून राहायची.

दुसऱ्या शनिवारी दुपारी मावशीचा फोन आला. नंबर आम्ही आधीच एकमेकींना दिले होते. "बाई, तू काऊन नाई आली? आता मीबी नाई जानार."

"तुम्ही जा मावशी. तुम्हाला बरं वाटते तिथं."

"कोन म्हनते?" ती म्हणाली. "मले डोळे मिटाले भेव वाटते. मिटले का ती टोपली दिसते. तू समोर असली का मी मंधात मंधात डोळे उघडून तुले पाह्यत होती. तू बी उघडेच ठेवत होती नं? आता समोर कोनी नाई."

मी उठून बसले. म्हणजे दर शनिवारी, आम्हाला शांतता मिळावी म्हणून ज्या पंधरा मिनिटांत डोळे मिटून बसवत होते, त्या पंधरा मिनिटांत ही बाई पुन्हा त्या मोहाच्या झाडाखाली जाऊन येत होती. आणि कागदावर पाचाला खूण करून घेत होती. आम्ही सात जणी शेजारी बसून होतो, मीही होते, रागात बुडालेली. कोणाच्या लक्षात आलं नाही.

आठव्या शनिवारी मी गेले. मावशीला बसस्टँडवरून सोबत घेतलं. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या मी समुपदेशकाला सगळं सांगितलं, मावशीच्या देखत, तिची परवानगी घेऊन. मी भांडायच्या तयारीनं गेले होते. पण ती मुलगी खुर्चीवर बसली आणि तिनं दोन्ही हातांत डोकं धरलं.

"मी दर वेळी विचारलं होतं मावशी, कसं वाटलं म्हणून. तुम्ही म्हणायचात, बरं वाटलं."

"तू एवढ्या दुरून आली पोरी," मावशी म्हणाली. "तुले वाईट वाटन म्हून."

समुपदेशकानं फाइल बंद करून खुर्चीखाली ठेवली. "मग मला सांगा, काय करू या?" तिनं पहिल्यांदाच विचारलं.

"बाहेर बसू नं जरा," मावशी म्हणाली. "डोळे उघडे ठेवून."

मागच्या अंगणात कडुनिंबाची सावली होती. खुर्च्या उचलून आम्ही तिथं नेल्या. ऊन रणरणत होतं, पण निदान एकमेकींचं बोलणं ऐकू येत होतं. त्या दिवशी कोणीतरी मावशीला भजन म्हणायचा आग्रह केला. तिनं एक ओळ म्हटली. आवाज फाटका होता, तरी असा होता की रस्त्यावरचा सायकलवाला वळून पाहायला लागला. दुसऱ्या ओळीला ती अडली. "नाई आठवत," म्हणाली. देसाईगंजकडची एक बाई पुढची ओळ बोलली. मग दोघींनी मिळून म्हटलं. मावशी मधूनमधून थांबून नाक पुसायची.

संपल्यावर ती मला म्हणाली, "आता तू म्हन, तुमच्यातलं."

मला संकोच वाटला. पण मी चपला काढल्या आणि त्रिसरण, पंचशील म्हटलं. घरी रोज म्हणत होते, सासूबाईंना ऐकू जावं म्हणून. इथं ते ऐकणाऱ्या कोणाला कळतही नव्हतं. सात बायका गुपचूप हात जोडून बसल्या होत्या. मला काही पिवळा प्रकाश दिसला नाही. अंगावरचं ओलं पोतं उतरलं नाही. पण बसमध्ये मला भूक लागली आणि व्याहाडच्या थांब्यावर खिडकीतून मी फल्लीदाणे घेतले. भूक लागली हे माझ्या लक्षात आलं, हेच मला नवं होतं.

पुढचे चार शनिवार चांगले गेले. हे मला प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे, कारण मी तक्रारच जास्त करते. समुपदेशकानं कागद भरणं सोडलं नाही, पण ते शेवटी, घाईघाईत, जवळजवळ माफी मागत करायची. मी वहीत पुन्हा "केस विंचरणे" लिहिलं. या वेळी तिनं विचारलं, "विंचरायला कुठे अडतं ताई?" मी विचार केला आणि सांगितलं की आरशात पाहावं लागतं, तिथं अडतं. मग वाट निघाली. आरशाशिवाय, सासूबाईंच्या समोर पाटावर बसून. सासूबाई पहिल्या दिवशी चकित झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच फणी हातात घेतली. ज्या वहीवर मी इतकी चिडले होते, तिनं काम केलं होतं. तिची पद्धत चुकीची नव्हती. घाई चुकीची होती.

मावशीनं ध्येय सांगितलं, "शेवटच्या बांधीपर्यंत जानं." सहा वर्षं ती तिथं गेली नव्हती. आम्ही सगळ्यांनी मिळून वाटा काढल्या. रोवणीच्या, म्हणजे धान लावायच्या दिवसांत जायचं, तेव्हा रान माणसांनी भरलेलं असतं. एकटी नाही, बायकांबरोबर. दिराला सांगायचं, डबा वाजवत पुढे चाल. दिराशी बोलायचं हीच सगळ्यात अवघड गोष्ट होती. ते तिनं बारावा शनिवार यायच्या आत केलं. काय बोलली ते सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "तो रडला."

आणि मग बारावा शनिवार आला. पेढे झाले, फोटो झाला, शेवटचा मोठा कागद भरला. समुपदेशक म्हणाली की प्रकल्प संपला, अहवाल पुण्याला जाईल, पुढचा टप्पा दुसऱ्या जिल्ह्यात आहे.

"आणि आमचं?" मी विचारलं.

ती पेढ्यांचा खोका आवरू लागली. आठ वर्षांच्या आजाराला बारा शनिवार मिळाले होते, त्यातले सात सुरुवातीची चाचपणी करण्यात गेले. कुठं गाडी रुळावर येत होती तर मुदत संपली. मी संस्थेच्या व्यवस्थापकांना भेटले. म्हटलं, तुमचं काही नको, फक्त शनिवारी दोन तास ते अंगण द्या, आम्ही आपलं आपण बसू. ते म्हणाले, अर्ज करा. मी केला. महिन्यानं विचारलं तर म्हणाले, वरून मंजुरी यायची आहे. दुसरा अर्ज केला. अंगणात बसायला वरून कोणाची मंजुरी लागते, हे मला आजवर समजलेलं नाही. हळूहळू बायका पांगल्या. समुपदेशकाला फोन केला तर तिनं आपुलकीनं विचारपूस केली, पण ती आता दुसऱ्या नोकरीत होती.

रोवणीच्या दिवसांत एका रविवारी मी मावशीच्या गावाला गेले. तिचा दीर आमच्या पुढे डबा बडवत चालत होता. मागे चार बायका, मग मावशी, मग मी. बांधीच्या कडेनं चिखलातून आम्ही निम्म्याच्या पुढे गेलो. तिथं एक पळस होता. मावशी थांबली. दूरवर ते मोहाचं झाड दिसत होतं.

"बस," ती म्हणाली. "इथवरच."

"आणखी थोडंच आहे" असं माझ्या अगदी ओठांवर आलं. मी ते गिळलं. आदल्याच आठवड्यात बाजूच्या गावात वाघानं बैल मारला होता. म्हणजे तो तिथं होताच. इतके आठवडे आम्ही सगळ्या तिची भीती घालवायला निघालो होतो, आणि ती भीती आजार नव्हतीच. ती खरी बातमी होती. आजार होता तो तिच्या बंद पडलेल्या गाण्याचा, तिच्या दिराशी तुटलेल्या बोलण्याचा. ते आम्हाला वेगळं करायला किती वेळ लागला! आम्ही पळसापासून परत फिरलो. तिनं जवळच्या बांधीत उतरून रोवणी केली. मीही चार ओळी लावल्या. माझ्या ओळी वाकड्या निघाल्या म्हणून त्या बायका पोट धरून हसल्या. शेवटची बांधी त्यांनी त्या वर्षी दुसऱ्याला कसायला दिली.

माझं म्हणाल तर दिवाळीपर्यंत मी बरी होते. डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. डॉक्टरांना वाटलं, गोळ्यांनी झालं. सासूबाईंना वाटलं, वंदनेनं झालं. नवऱ्याला वाटलं, वेळ जाऊ दिला म्हणून झालं. थंडी पडली आणि काहीही घडलेलं नसताना मी पुन्हा खाली गेले. मला इतकी लाज वाटली! सगळं शिकून, वही भरून, गाऊन, पुन्हा तिथंच. वीस दिवस मी मावशीचा फोन उचलला नाही.

एकविसाव्या दिवशी ती दारात उभी. आरमोरीहून दोन बस बदलून आली होती. पिशवीत लाखोळीची भाजी होती. "फोन खराब झाला का तुझा?" म्हणाली. मी हो म्हटलं. तिला कळलं की मी खोटं बोलते, तरी तिनं नुसती पिशवी पुढे केली. सासूबाई बाहेर आल्या. दोघींनी एकमेकींना पाहिलं, एकीच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू, दुसरीचं कपाळ मोकळं. आता काय होतं म्हणून मी धास्तावले. सासूबाई म्हणाल्या, "भाजी कोवळी आहे. निवडून घेऊ का?" दोघी ओसरीवर उन्हात बसल्या आणि भाजी निवडता निवडता गुडघेदुखीवर बोलत राहिल्या. मी खांबाला टेकून होते. मला कोणी काही विचारलं नाही. मावशी जेवली आणि चारच्या बसनं गेली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. तिसऱ्या दिवशी जाऊ शकले नाही. डॉक्टरांनी कमी केलेली गोळी परत सुरू केली. फेब्रुवारी येईतो मी पुन्हा पूर्ण वेळ वर्ग घेऊ लागले, आणि चौथीला अपूर्णांक शिकवायला घेतले.